दोन गिगाहर्ट्‌झ कशाला हवेत?

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. हंगाम सुरू झाला की ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टरवाले येतात, उन्हाळ्यात बागायतदार येतात, अधूनमधून उजनी धरणाच्या काठावरचे, भिगवण-कुंभारगावकडचे नावाडीही येतात. दुखणं बहुतेकांचं सारखंच असतं: फोन तापतो, चार्जिंग संध्याकाळपर्यंत पुरत नाही, बॅटरी बदलून द्या. बॅटरी फुगलेली असेल किंवा तिचं वय झालेलं असेल तर मी लगेच बदलतो, त्यात बोलण्यासारखं काही नसतं. पण पुष्कळदा बॅटरी ठणठणीत निघते. फोन गरजेपेक्षा जास्त वेगानं पळत असतो. तो किती पळावा हे मालकाला ठरवता येतं, पण हे त्याला कधी कुणी सांगितलेलंच नसतं.

फोनच्या खोक्यावर 'ऑक्टा-कोअर, २ गिगाहर्ट्‌झ' असं छापलेलं असतं. म्हणजे आत आठ कोअर आहेत आणि त्यांतल्या सगळ्यात वेगवान कोअरना सेकंदाला २०० कोटी ठोक्यांपर्यंत पळवता येतं. ही झाली कमाल मर्यादा. फोन खिशात पडून असताना एवढ्या वेगाचं काहीच काम नसतं, म्हणून प्रोसेसरला खालच्या पायऱ्याही दिलेल्या असतात. शाओमीचा रेडमी नोट ४ घ्या. जानेवारी २०१७मध्ये तो भारतात आला, तुफान खपला, आणि आमच्याकडं आजही पुष्कळ घरांत एखाद्या कपाटात सापडतो. त्यातल्या स्नॅपड्रॅगन ६२५ या प्रोसेसरला सात पायऱ्या आहेत: ६५२.८, १०३६.८, १४०१.६, १६८९.६, १८०४.८, १९५८.४ आणि २०१६ मेगाहर्ट्‌झ. खालच्या पायऱ्यांमध्ये मोठमोठी अंतरं आहेत आणि वर जाईल तशा त्या एकमेकींना चिकटत जातात. १८०४ वरून थेट २०१६ वर उडी मारली तरी वेग जेमतेम बारा टक्के वाढतो. या बारा टक्क्यांसाठी बॅटरी काय मोजते, ते पुढं येईलच.

कोणत्या क्षणी कोणती पायरी घ्यायची हे अँड्रॉइडच्या तळाशी असलेल्या लिनक्स कर्नलमधला एक छोटा प्रोग्रॅम ठरवतो. त्याला गव्हर्नर म्हणतात. विहिरीवर ऑइल इंजिन चाललेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना गव्हर्नर नवा नाही. पंपाचा लोड वाढून इंजिनाचे फेरे उतरायला लागले की गव्हर्नरची वजनं आत येतात आणि डिझेल वाढतं. लोड हलका झाला की वजनं बाहेर फाकतात आणि डिझेल कमी होतं. फरक असा की इंजिनाचा गव्हर्नर फेरे कायम राखायला धडपडतो, आणि फोनचा गव्हर्नर काम बघून फेरेच बदलतो. तेही सेकंदात कितीतरी वेळा.

या गव्हर्नरांच्या जाती आहेत. 'परफॉर्मन्स' सगळ्यात वरची पायरी धरून बसतो, 'पॉवरसेव्ह' सगळ्यात खालची. रूट केलेला, म्हणजे सिस्टीमच्या फाईली बदलायचा अधिकार मिळवलेला फोन हातात आला की कॉलेजची पोरं नावाला भुलून आधी पॉवरसेव्ह लावतात. मग साधं व्हॉट्सॲप उघडायलाही वेळ लागतो, तेवढा वेळ स्क्रीन पेटून राहते आणि वाचवलेली वीज तिथंच जाते. 'ऑनडिमांड' हा २००४ सालचा, इंटेलमधल्या वेंकटेश पल्लीपाडी यांचा. काम ठरावीक टक्क्यांच्या वर गेलं की तो थेट वरच्या टोकाला उडी मारतो आणि काम सरलं की खाली येतो. 'कन्झर्वेटिव्ह' तेच काम एकेक पायरी चढत करतो. या दोघांचा जन्म अँड्रॉइडच्या आधीचा, संगणकांसाठीचा. स्क्रीनला बोट लागल्यावर फोननं क्षणात जागं व्हावं म्हणून अँड्रॉइडसाठी 'इंटरॅक्टिव्ह' हा वेगळा गव्हर्नर आला आणि बरीच वर्षं बहुतेक फोनांत तोच होता. २०१६मध्ये लिनक्स ४.७ मध्ये 'शेडयुटिल' आला. आधीचे गव्हर्नर ठरावीक वेळानं डोकावून कोअर किती गुंतला आहे ते मोजायचे. शेडयुटिलला मोजत बसावं लागत नाही, कारण कोणतं काम कोणत्या कोअरवर टाकायचं हे ठरवणारा कर्नलचा शेड्युलरच त्याला कामाचा अंदाज देतो. त्या अंदाजावर तो साधारण पाव हिस्सा जादा धरतो आणि तेवढाच वेग मागतो.

माझं स्पष्ट मत असं की सामान्य माणसानं गव्हर्नर बदलत बसू नये. कंपनीनं त्या प्रोसेसरवर जो लावून दिला आहे त्यामागं बरीच मोजमापं असतात. फॉरवर्ड होत फिरणारा 'हा गव्हर्नर लावा, बॅटरी दुप्पट' हा सल्ला मी कधीच मनावर घेत नाही. आपण हात घालावा असं खरं एकच ठिकाण आहे: कमाल वेगाची मर्यादा. गव्हर्नर तोच राहू द्यायचा, फक्त त्याला सांगायचं की या पायरीच्या वर जाऊ नकोस.

याचं कारण विजेच्या हिशेबात आहे. प्रोसेसरला वेगानं पळवायचं तर त्याला व्होल्टेजही जास्त द्यावं लागतं, आणि लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजायला सोपे आकडे घेऊ. समजा २००० मेगाहर्ट्‌झला १.१ व्होल्ट लागतात आणि १२०० मेगाहर्ट्‌झला ०.९. वेग ६० टक्क्यांवर आला. व्होल्टेजचा वर्ग १.२१ वरून ०.८१ वर, म्हणजे ६७ टक्क्यांवर आला. दोन्हींचा गुणाकार केला तर वीज राहिली ४० टक्के. आधी एका मिनिटात होणारं काम आता एक मिनिट ४० सेकंद घेईल. तरी त्या कामाला लागलेली एकूण वीज पहिल्याच्या दोन तृतीयांश. एक तृतीयांश वाचली, आणि फोन कमी तापला तो वेगळाच फायदा. वरच्या दोन-तीन पायऱ्यांवर वेग थोडा वाढतो पण व्होल्टेज भराभर चढतं, म्हणून त्या सगळ्यात महाग पडतात.

मग सगळ्यात खालीच का बांधून टाकू नये? कारण काम चालू असेपर्यंत स्क्रीन, रॅम आणि मोडेमही जागे असतात आणि आपापली वीज खात असतात. काम फार लांबलं तर त्यांचा खर्च वाढतो. शिवाय अगदी खालच्या पायऱ्यांवर व्होल्टेज आणखी उतरत नाही, म्हणजे वेग जातो आणि त्या बदल्यात हाती काही लागत नाही. फायद्याची जागा मधे कुठंतरी असते, आणि ती तुमच्या कामावर ठरते.

निमगाव केतकीकडचे एक डाळिंब बागायतदार आहेत, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी मुलाचा जुना रेडमी नोट ४ आणला. मुलानं शिकत असताना तो रूट केला होता आणि नवा फोन घेतल्यावर घरी टाकून दिला होता. तात्यांना तो मळ्यातल्या मोटारीच्या शेडमध्ये कॅमेरा म्हणून लावायचा होता. केबल आणि स्टार्टर चोरीला जाण्याचा त्रास आमच्याकडं सगळ्यांनाच आहे. जुन्या फोनला कॅमेरा बनवणारी ॲप मिळतात, तसलं एक त्यांच्या पुतण्यानं टाकून दिलं होतं. अडचण विजेची होती. शेतीच्या लाईनीला थ्री फेज दिवसातले काही तासच असते, कधी दिवसा, कधी रात्री. बाकी वेळ फोनला स्वतःच्या बॅटरीवर काढावा लागतो, आणि तो पहाटेआधीच बंद पडत होता.

"बॅटरी नवी टाक म्हणजे झालं," तात्या म्हणाले.

"बॅटरी टाकू तात्या, पण आधी फोन रात्रभर काय करतोय ते तरी बघू."

कर्नल एक वही ठेवतो. कोणत्या पायरीवर किती वेळ गेला याची नोंद 'टाइम इन स्टेट' नावाच्या फाईलमध्ये असते. फाईल म्हणजे दोन रकाने: डावीकडं वेग किलोहर्ट्‌झमध्ये, उजवीकडं त्या वेगावर गेलेला वेळ, सेकंदाच्या शंभराव्या भागांत. कर्नल ॲडियुटरसारखं ॲप हीच फाईल पट्ट्यांच्या रूपात दाखवतं. हातात वापरलेल्या फोनची पट्टी सहसा दोन्ही टोकांना जाड असते. बोट लावलं की फोन वर उडतो, सोडलं की खाली पडतो, मधल्या पायऱ्या जवळजवळ कोऱ्या राहतात. तात्यांच्या फोनची नोंद तशी नव्हती. कॅमेऱ्याचं काम रात्रभर एकसारखं चालतं, आणि इंटरॅक्टिव्ह गव्हर्नर ते काम बघून पुन्हा पुन्हा २०१६ ची पायरी गाठत होता. तिथं स्क्रीनसमोर कुणी बसलेलं नव्हतं, बोट लागत नव्हतं, घाई कुणालाच नव्हती. रिकाम्या शेडमध्ये चोर येतो का बघायला दोन गिगाहर्ट्‌झ लागत नाहीत.

कमाल मर्यादा १४०१ वर आणली, कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन एक पायरी उतरवलं आणि फोन दुकानातल्या टेबलावर तसाच चालत ठेवला. मागच्या बाजूला हात लावून बघितलं तर आधीचा चटका गेला होता, नुसता कोमट लागत होता. चित्र थांबत नव्हतं. तात्यांनी फोन मळ्यात नेला. आता लाईट येईपर्यंत तो टिकतो आणि थोडी बॅटरी उरतेही. यातला किती वाटा वेगाच्या मर्यादेचा आणि किती रिझोल्यूशनचा, हे मी वेगवेगळं मोजलेलं नाही. दोन्ही एकाच दिशेला काम करतात. कॅमेऱ्याला कमी काम दिलं, तरच कमी वेग पुरतो.

तात्या स्वतः हातात धरून वापरतात त्या फोनवर मी हीच मर्यादा लावली नसती. माणसाचं काम झटक्यांचं असतं: ॲप उघडायचं, फोटो काढायचा, बाजारभाव बघायचा, पैसे पाठवायचे. तिथं मर्यादा फार खाली आणली की प्रत्येक झटका लांबतो आणि माणूस वैतागतो. हातातल्या फोनला वरच्या दोन, फार तर तीन पायऱ्या कापाव्यात, म्हणजे रेडमी नोट ४ वर मर्यादा १८०४ किंवा १६८९. फरक डोळ्याला दिसत नाही. गेम खेळणाऱ्या पोराच्या फोनवर तर वरची पायरी कापण्याचा वेगळाच फायदा होतो. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडं पारा ४० अंशांच्या वर जातो. फोन तापला की त्याची उष्णता-रक्षक यंत्रणा वेग धाडकन खाली आणते, थोडा थंड झाला की परत वर नेते, आणि गेम मधेच अडखळतो. आपणच आधी थोडी मर्यादा घातली तर तो एकाच वेगानं शेवटपर्यंत चालतो. हीच यंत्रणा बंद करून टाकायच्या युक्त्याही इंटरनेटवर मिळतात. त्या कुणीही करू नयेत. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणं धोक्याचं असतं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर तेवढी उष्णता फोन काही करत नसतानाही होते.

एक गोष्ट मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. वेगाची मर्यादा सगळ्या दुखण्यांवर चालत नाही. उजनीच्या जलाशयाच्या काठानं काही ठिकाणी रेंज कमी असते. टॉवर लांब असला की फोनला जास्त जोर लावून सिग्नल पाठवावा लागतो. ते काम मोडेमचं, प्रोसेसरच्या पायऱ्यांशी त्याचा संबंध नाही. तशीच रात्री खिशात किंवा उशाशी असताना उतरणारी बॅटरी. 'टाइम इन स्टेट'च्या आधी कर्नल ॲडियुटरसारख्या ॲपमध्ये 'डीप स्लीप'ची वेळ बघा. फोन झोपतच नसेल तर एखादं ॲप त्याला जागं ठेवतंय. ते ॲप काढणं हाच त्यावरचा इलाज आहे. उन्हात स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून दिवसभर व्हिडिओ बघणाऱ्याला तर मी प्रोसेसरचं नावही काढत नाही.

आता रूटबद्दल. वेगाच्या या फाईली सिस्टीमच्या मालकीच्या असतात आणि फोनचा साधा वापरकर्ता त्यात लिहू शकत नाही. तो अधिकार मिळवणं म्हणजे रूट करणं. त्यासाठी आधी बूटलोडर अनलॉक करावा लागतो, आणि त्यात फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. वॉरंटी जाऊ शकते. बँकांची आणि यूपीआयची बरीच ॲप रूट केलेल्या फोनवर चालायला नकार देतात, एम-आधारही चालत नाही. त्यांची बाजू बरोबर आहे. ज्या फोनवर कुठल्याही ॲपला सगळे अधिकार मिळू शकतात, त्यावर पैशाचा व्यवहार सुरक्षित नाही. म्हणून माझ्या दुकानाचा नियम आहे: ज्या फोनवर कुटुंबाचे पैसे आहेत तो फोन रूट करायचा नाही. कितीही पैसे देऊ केले तरी मी करून देत नाही. एका बटणात रूट करून देतो म्हणणारी ॲपही मी वापरत नाही. रूट करण्याचं मॅजिस्क हे साधन मात्र उघड आहे, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, आणि ते फोनच्या स्वतःच्या बूट इमेजवर काम करतं. ती मूळ बूट इमेज आधी संगणकावर जपून ठेवायची, म्हणजे बिघाड झाला तर परत जाता येतं.

वेग बदलताना सगळ्यात महत्त्वाची खूण ॲपमधल्या 'फोन सुरू होताना लागू करा' या चौकटीतली. ती पहिल्या दिवशी लावायची नाही. खूण नसेल तर काहीही चुकलं तरी फोन बंद करून चालू केला की मूळ वेग परत येतो. दोन-तीन दिवस फोन नीट चालला, फोन आला की लगेच वाजतोय, अलार्म वेळेवर होतोय, कॅमेरा उघडतोय, एवढं बघून मग खूण करायची. कंपनीनं दिलेल्या पायऱ्यांमध्ये खाली येण्यात प्रोसेसरला धोका नाही. कंपनीच्या मर्यादेच्या वर वेग नेणं किंवा व्होल्टेज आपल्या मनानं कमी करणं हा वेगळा खेळ आहे. त्यात फोन मधेच अडकतो, कधी डेटा खराब होतो. शेतातल्या फोनवर तो खेळ नको.

यावर कुणी म्हणेल, एवढी उठाठेव कशाला, कंपनीलाच ठरवू द्या. पण कंपन्या आपल्याला न सांगताही वेग ठरवत आल्या आहेत. डिसेंबर २०१७मध्ये ॲपलनं मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा कमाल वेग ते अपडेटमधून कमी करत होते. फोन अचानक बंद पडू नये हा हेतू होता आणि तांत्रिकदृष्ट्या तो योग्यही होता. पण लोकांना ते माहीत नव्हतं, आणि त्यांतल्या अनेकांनी फोन म्हातारा झाला असं समजून नवा घेतला. ओरड झाल्यावर कंपनीनं बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला आणि २०१८मध्ये वेगाचा हा लगाम बंद करायची सोय दिली. मार्च २०२२मध्ये सॅमसंगच्या फोनांबद्दल असंच उघड झालं. गेम चांगले चालावेत म्हणून ठेवलेली एक सेवा पुष्कळ ॲपचा वेग दाबत होती, आणि कंपनीला अपडेट देऊन त्यावर मालकाचा ताबा द्यावा लागला. मला या दोन्हींत वेग कमी करण्याचा राग नाही. मी स्वतः रोज तेच करतो. फोन ज्यानं विकत घेतला त्याला विचारलं नाही, त्याला दाखवलं नाही, याचा आहे. बारामतीत, इंदापुरात एखाद्या मजुराच्या घरात फोन ही वर्षाची मोठी खरेदी असते. त्याचा वेग कुणी, का आणि किती कमी केला हे त्याला समजायलाच हवं.

रूट न करताही यातलं थोडं हाती लागतं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत 'पॉवर सेव्हिंग'मध्ये प्रोसेसरचा वेग ७० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याचा वेगळा पर्याय आहे. वर केलेला हिशेब आठवला तर हे ७० टक्के किती कामाचे आहेत ते कळेल. इतर कंपन्यांच्या बॅटरी सेव्हरमध्येही कमी-जास्त तसंच होतं, फक्त त्यात काय काय बंद होतं ते एकदा बघून घ्यावं, कारण काही फोनांत संदेश उशिरा यायला लागतात. हातातल्या, पैशांच्या फोनसाठी मी लोकांना हेच सुचवतो. आईच्या फोनवर मी तेच लावलंय आणि तिला काही वेगळं जाणवलेलं नाही.

तात्यांच्या शेडमधल्या फोनवर मात्र अजून काम आहे. तो लाईट असेल तेव्हा सतत चार्जरला असतो, आणि पूर्ण भरून तापत राहणं बॅटरीला वेगापेक्षाही जास्त मारतं. रूट असल्यामुळं चार्जिंग ८० टक्क्यांना थांबवता येतं. पण मग रात्रीला बॅटरी कमी पडणार, म्हणजे वेग आणखी उतरवावा लागणार. पत्रा तापायला लागण्याआधी मर्यादा १०३६ वर आणून बघायची असं ठरलंय. त्या पायरीवर रात्रीच्या अंधारात चित्र अडखळलं तर १४०१ परत, आणि फोन पत्र्याखालून काढून विहिरीजवळच्या लिंबाच्या सावलीत, पेटीत.